डिझाइन प्रोजेक्टला 'साधा' विषय चालेल का? एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत राहणारी, प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी लिहिते, की सेमिस्टर प्रोजेक्टला 'रोजच्या जगण्यातलं काहीतरी' घ्यायला सांगितलंय. तिने पाच विषय काढले: छत्री, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, ठाणे स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग आणि गोळ्यांची स्ट्रिप. गाइड म्हणाले, "सगळंच ढोबळ आहे." वर्गातली बाकीची मुलं मानसिक आरोग्याचं अ‍ॅप, अंतराळवीरांचं जेवण असं काय काय करताहेत. तर यातलं कुठलं घेऊ, आणि ज्युरीला, म्हणजे प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांना, ते अगदीच साधं वाटणार नाही ना?

एकेरीत लिहिते, चालवून घे. मी शिकवायला जाते तिथली मुलं तुझ्याच वयाची आहेत. ठाण्यात वीसेक वर्षं हेच काम करतेय. स्वयंपाकघरातल्या वस्तू, पॅकेजिंग, थोडी दवाखान्यातली उपकरणं. ज्युरी म्हणूनही बसते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं तेही सांगते.

तुझी अडचण साधेपणाची नाहीच. तू दिलेल्या पाचांपैकी चार नुसत्या वस्तू आहेत आणि एक जागा. त्यात माणूस कुठेच नाही. छत्री कोण वापरतंय, कुठे, आणि नेमकं कुठे अडतंय हे आलं की मग विषय सुरू होतो. गाइडना 'ढोबळ' म्हणायचंय ते हेच असावं. अंतराळवीरांच्या जेवणालाही हाच नियम लागू आहे, फक्त तुझ्या मित्राला अंतराळवीर गाठता येणार नाही आणि तुला मेडिकलवाला पाच मिनिटांत गाठता येईल. रोजच्या विषयाचा खरा फायदा मला विचारशील तर तो इतकाच: तिथे हवं तितक्यांदा परत जाता येतं. आज बघितलेलं उद्या चुकीचं ठरलं तर परवा पुन्हा जाऊन बघता येतं.

आता काही गोष्टी तू लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. मुदत किती आहे? तीन आठवड्यांचं क्लास असाइनमेंट असेल तर पुढचं अर्धं विसरून जा, हाताशी येईल ती वस्तू घे आणि काम सुरू कर. पूर्ण सेमिस्टर असेल तर निवडीवर एक आठवडा घालवणं परवडतं. दुसरं, शेवटी काय द्यायचंय, चालणारं मॉडेल की नुसती संकल्पना? आणि तिसरी गोष्ट मुलं हमखास विसरतात: महिना कुठला आहे?

छत्रीच घे ना. जूनमध्ये सुरू होणाऱ्या सेमिस्टरला छत्रीइतका श्रीमंत विषय नाही. ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीत सकाळी ओल्या छत्रीचं लोक काय काय करतात बघ. कुणी पायांच्या मध्ये धरतं, कुणी खिडकीच्या गजाला अडकवतं आणि खाली बसलेल्याच्या खांद्यावर थेंब पडत राहतात, कुणी पर्समधून ब्रेडची रिकामी पिशवी काढून त्यात छत्री कोंबतं. ती ब्रेडची पिशवी म्हणजे तुझा अर्धा प्रोजेक्ट आहे, कारण ती त्या बाईने स्वतः शोधलेली आहे. नाओतो फुकासावा या जपानी डिझायनरांचं एक निरीक्षण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतं: लोक छत्री भिंतीला टेकवताना तिचं टोक नकळत दोन लाद्यांमधल्या फटीत ठेवतात, म्हणजे ती घसरत नाही. मग छत्रीसाठी वेगळा स्टँड कशाला, भिंतीपासून थोड्या अंतरावर जमिनीत एक खाच पुरे. पण हे सगळं पावसाळ्यात. तुझं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल तर छत्री आत्ताच खोडून टाक. मोबाइलवर पाऊस बघून छत्रीचा प्रोजेक्ट होत नाही.

डबा सोडून दे. वाईट विषय म्हणून नाही, पण मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी डबा घेतं, मग डबेवाल्यांची माहिती येते, मग त्यांच्या खुणांची पद्धत येते आणि डॉक्युमेंटेशनची वीस पानं दुसऱ्यांच्या कामाने भरतात. बाटलीबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, म्हणजे तुलाही त्यात रस नाही. उरले दोन.

गोळ्यांच्या स्ट्रिपवर जरा थांबू, कारण पाचांत मला हाच सगळ्यांत दमदार वाटतो.

तुमच्या इमारतीखालच्या मेडिकलमध्ये जाऊन काउंटरच्या बाजूला अर्धा तास उभी राहा. कुणीतरी येतं, "चार गोळ्या द्या" म्हणतं. दुकानदार ड्रॉवरमधून स्ट्रिप काढतो, कात्री चालवतो, चार गोळ्यांचा तुकडा कागदी पाकिटात टाकतो, पाकिटावर पेनाने १-०-१ लिहितो, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पंधरा-वीस सेकंदांचं काम. आता कात्री कुठल्या बाजूने चालते ते बघ. औषधाचं नाव फॉइलवर जागोजागी छापलेलं असतं, कारण फॉइलचा रोल आधीच छापून येतो. बॅच नंबर आणि एक्स्पायरी मात्र बॅचगणिक बदलतात, म्हणून ते पॅकिंगच्या वेळी, बहुतेक स्ट्रिपवर एका टोकाला, उठवलेले असतात. दुकानदार शक्यतो दुसऱ्या टोकाकडून कापतो. तारखेचं टोक त्याला स्वतःला हवं असतं, कारण न खपलेला माल डिस्ट्रिब्युटरला परत करायचा तर बॅच नंबर आणि तारीख दाखवावी लागते. म्हणजे त्याच्या बाजूने तो अगदी बरोबर वागतोय. आणि गिऱ्हाइकाच्या हातात तारीख नसलेला, कधी कधी नावही अर्धवट असलेला तुकडा जातो.

मग त्या तुकड्याच्या मागे घरी जा. आजी-आजोबा असलेल्या कुठल्याही घरात मिठाईच्या जुन्या डब्यात, नाहीतर स्टीलच्या डबीत असे डझनभर तुकडे निघतील. बीपीची, शुगरची, मागच्या वर्षीच्या खोकल्याची गोळी, सगळं एकत्र. एखाद्या आजीने तुकड्याला बिल गुंडाळून रबरबँड लावलेला असेल. कुणी मार्करने 'स' आणि 'रा' लिहिलेलं असेल, सकाळ आणि रात्र. कुणी सकाळच्या गोळ्यांचे कोपरे दुमडून ठेवलेले असतील, म्हणजे चष्मा नसला तरी बोटाला कळतं. त्यांना कुणी शिकवलेलं नाही. हे दिसलं की फोटोआधी चित्र काढ. कोपरा कुठला दुमडलाय, किती दुमडलाय, फॉइलची बाजू वर आहे का खाली, हे चित्र काढतानाच लक्षात येतं.

एवढ्या एका गोष्टीतून किती वेगवेगळे प्रोजेक्ट निघतात बघ. कापलेल्या तुकड्यावर माहिती कशी टिकेल, हा पॅकेजिंगचा प्रश्न. घरातल्या डबीत सारखे दिसणारे तुकडे वेगळे कसे ओळखायचे, हा प्रॉडक्टचा. १-०-१ म्हणजे काय हे न कळणाऱ्या माणसाला डोस कसा सांगायचा, हा कम्युनिकेशनचा. दुकानदाराने कापताना गोळी फुटू नये, हा अवजाराचा. चारही एकदम घेऊ नकोस. गाइड पुन्हा ढोबळच म्हणतील, आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल.

यातला कुठला निवडायचा? माझी एक कसोटी आहे आणि ती मी पगारी कामातही वापरते: बदल कुणाच्या हातात आहे? प्रत्येक गोळीमागे तारीख छापायची कल्पना छान आहे, पण त्यासाठी औषध कंपनीच्या पॅकिंग लाइनवर छपाईची व्यवस्था बदलावी लागते, औषधांच्या लेबलांचे नियम सांभाळावे लागतात, आणि तिथवर तुझा हात पोचत नाही. मग प्रोजेक्ट 'कंपन्यांनी असं करावं' या वाक्यावर संपतो. याउलट कागदी पाकीट दुकानदाराच्या हातात आहे. ते तो तसंही विकत घेतो, बऱ्याचदा वर दुकानाचं नावही छापून घेतो. त्या पाकिटावर नाव, तारीख आणि वेळ लिहायला नीट जागा असली, आणि ती भरायला पाच सेकंदांच्या वर लागत नसतील, तर तो उद्यापासून वापरू शकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पाच सेकंदांची अट विसरू नकोस. संध्याकाळी काउंटरवर सात-आठ माणसं उभी असताना सुंदर फॉर्म कुणी भरत बसत नाही. आणि पाकीट घरी पोचल्यावर टिकतं का, की गोळ्या काढून कचऱ्यात जातं? जात असेल तर तुझी माहितीही कचऱ्यात गेली. मग पाकिटाने डबीत उभं राहायला हवं, किंवा तुकड्याला चिकटून राहायला हवं. ही चाचणी चार घरांत शंभर-एक रुपयांत होते. मानसिक आरोग्याचं अ‍ॅप इतक्या लवकर तपासता येईल का, ते तू मित्राला विचार.

आता रिक्षाची रांग. ठाण्याच्या पश्चिमेला संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं की वाटतं सगळंच बदलायला हवं. भाडं, पोलीस, स्टेशनबाहेरचा सॅटिसचा उंच पूल, रिक्षा स्टँड, युनियन. यातलं काहीही तुझ्या हातात नाही आणि 'ठाणे स्टेशन परिसराचं पुनर्नियोजन' अशा मथळ्याचा प्रोजेक्ट मी ज्युरीत बघितला की माझं लक्ष चहाकडे जातं. पण त्याच जागी एक बारीक गोष्ट आहे. फलक असलाच तर तो रांगेच्या तोंडाशी असतो, जिथे रिक्षा लागते. नवीन माणूस येतो तो रांगेच्या शेपटाशी. तिथून फलक दिसत नाही, मध्ये तीस माणसं उभी. म्हणून तो शेवटच्या माणसाला विचारतो, "ही लोकमान्यनगरची का?" शेवटचा माणूस मान हलवतो, आणि पुढच्या क्षणी हा नवा माणूस शेवटचा होतो आणि त्याच्या मागच्याला तेच उत्तर देतो. म्हणजे तिथला खरा फलक माणूस आहे, आणि तो दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. रांगेचं शेपूट सात वाजता एका जागी आणि साडेआठला दुसऱ्या जागी असतं, त्यामुळे खांबावर पाटी ठोकून काम होत नाही. जमिनीवर रंग? रेलिंगवर पट्टा? की काहीच नको, कारण विचारण्याची पद्धतच उत्तम चालतेय? हा तिसरा पर्यायही खुला ठेव. 'इथे काही करायची गरज नाही' हे पुराव्यानिशी दाखवणारा विद्यार्थी मला आवडतो, मात्र त्याने ते सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात दाखवावं, शेवटच्या नव्हे.

साध्या विषयातून काय निघू शकतं याचं एक जवळचं उदाहरण देते. मी मार्गदर्शन करत होते त्यांच्यातला एक मुलगा 'प्लास्टिक कचरा' असा डोंगराएवढा विषय घेऊन आला होता. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, दुधाच्या पिशव्यांना परत घेण्याच्या अटीवर सूट मिळाली, आणि तेव्हापासून एक सूचना फिरत असते: पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, कारण तो चिमुकला तुकडा गोळा होत नाही, गटारात जातो. सूचना सगळ्यांना माहीत, पाळत कुणीच नाही. त्याला म्हटलं, कचरा सोड, आईच्या ओट्याशी सकाळी सहाला उभा राहा. तो राहिला. त्याला दिसलं ते असं: कोपरा लटकता ठेवला की दुधाची धार त्या तुकड्यावर आपटते, वाकडी होते आणि दूध ओट्यावर सांडतं. लोक आळशी नव्हते, धार सरळ यावी म्हणून तुकडा तोडत होते. मग तुकडा धारेच्या वरच्या बाजूला जोडलेला राहिला तर? तेव्हा धार स्वच्छ पडते. राहता राहिली कात्री, जी सवयीने पूर्ण मिटते. त्याने साध्या कात्रीच्या पात्यांना टोकाजवळ खाच घासून घेतली, म्हणजे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर कापलेच जाणार नाहीत. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये घासून मिळाली. ज्युरीत त्याने एक पिशवी नेहमीच्या कात्रीने आणि एक स्वतःच्या कात्रीने कापून दूध ओतून दाखवलं, प्रेझेंटेशनची पुढची पानं कुणी मागितलीच नाहीत.

त्यावरून आठवलं, तू अशा भागात राहतेस जिथे या सोयी हाकेच्या अंतरावर आहेत, त्याचा फायदा घे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तुझ्याकडे रबाळे-महापेचा पट्टा आहे. पत्रा वाकवणारे, डाय बनवणारे, स्क्रीन प्रिंटिंगवाले, सगळे आहेत. एक नग कुणी करून देत नाही असं मुलं म्हणतात. फोनवर विचारलं तर नाहीच देणार. पुठ्ठ्याचं मॉडेल हातात घेऊन दुपारी गेलीस तर बहुतेक ठिकाणी कुणीतरी उत्सुकतेपोटी थांबतं.

ज्युरीला साधं वाटेल का? या धंद्याचा इतिहास साध्या वस्तूंनीच भरलेला आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात सगळ्यांत जास्त कौतुक लोट्याचं आहे. लोट्यात पाणी किती मावतं, तो कमरेवर कसा बसतो, ओतताना कसा कलतो, रिकामा असताना कसा तोलतो, तो घासायचा कसा, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. अमेरिकेत सॅम फार्बर या उद्योजकांनी पत्नीला संधिवातामुळे सोलाणं धरता येत नाही हे पाहून जाड, मऊ मुठीची स्वयंपाकाची साधनं काढायचं ठरवलं. १९९० मध्ये ती बाजारात आली आणि निरोगी हातांनीही तीच उचलली. हे दोन्ही दाखले तुझ्यासाठी आहेत, ज्युरीसमोर काढू नकोस. आम्हा सगळ्यांना ते पाठ आहेत आणि पहिल्याच पानावर लोटा दिसला की आम्ही एकमेकांकडे बघतो.

ज्युरीला खरं तर एकच गोष्ट खटकते: विद्यार्थ्याने सांगितलेलं घरबसल्याही सुचलं असतं. दुमडलेला कोपरा किंवा शेपटाकडचा माणूस घरबसल्या सुचत नाही. तिथे जाऊन आलेलं पोर लगेच ओळखू येतं.

बघायचं कसं, याबद्दल थोडं. 'तुम्हाला काय अडचण येते?' असं विचारू नकोस. आपल्याकडची माणसं "काही नाही, चाललंय" म्हणतात आणि चहा विचारतात. त्याऐवजी "कालची रात्रीची गोळी कशी घेतली, दाखवता का?" असं विचार. दाखवताना हात जे करतात ते तोंड सांगत नाही. वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेलं लिही, उजव्या पानावर तुला वाटलेलं. 'आजींना वाचता येत नाही' हे उजवं पान. 'आजींनी स्ट्रिप खिडकीकडे नेली आणि हातभर लांब धरली' हे डावं. दोन्ही एकत्र झाली की महिन्याभराने काय खरं पाहिलं होतं तेच आठवत नाही. औषधांचा विषय आहे म्हणून एक पथ्य: प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढू नकोस, कुणाला कुठला आजार आहे हे वहीत नावासकट लिहू नकोस. अ-आजी, ब-आजोबा एवढं पुरे. आणि कुठली गोळी घ्यावी, कुठली टाकून द्यावी यावर तू मत द्यायचं नाही, कितीही आग्रह केला तरी. ते डॉक्टरांकडे ढकल.

तर माझं मत स्ट्रिपला, आणि त्यातही पाकिटाला. ओळखीचा एक तरी मेडिकलवाला आणि गोळ्या घेणारी तीन-चार वयस्क माणसं तुझ्या आसपास नसतील तर रिक्षाची रांग. गाइडकडे पुन्हा पाच विषयांची यादी घेऊन जाऊ नकोस. एक पान ने: वर दोन चित्रं, काउंटरवर स्ट्रिप कुठे कापली जाते आणि घरी तिचं काय होतं, खाली दोन ओळी, कुणासाठी काय तपासणार आणि पहिली चाचणी कुठल्या आठवड्यात होणार. उपाय लिहू नकोस, तो आत्ता माहीत असायचं कारण नाही.

मेडिकलवाल्याकडे पहिल्यांदा जाशील ती दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा. तेव्हा दुकान रिकामं असतं आणि तो बोलायला बसतो. कॉलेजचं ओळखपत्र दाखव, कात्री मारलेले दोन-तीन टाकाऊ तुकडे मिळतात का विचार, आणि जमलं तर गल्ल्याच्या बाजूला स्टूल टाकून बसायची परवानगी घे, म्हणजे पुढच्या वेळी संध्याकाळच्या गर्दीत तू तिथे असलीस तरी त्याला खटकणार नाही.